परक्या घराची स्मृती : ग्रामीण फ्रान्समधील ब्रिटिशांचे गद्य

पीटर मेल याचे ‘अ इयर इन प्रोव्हान्स’ हे पुस्तक १९८९ मध्ये प्रकाशित झाले. जाहिरातीच्या व्यवसायातून बाहेर पडलेला एक मध्यमवयीन इंग्रज पत्नीसह ल्युबेराँ डोंगररांगेतील मेनेर्ब या गावाजवळचे जुने दगडी शेतघर विकत घेतो आणि पहिले वर्ष तेथे काढतो, एवढाच त्याचा विषय. पुस्तक लाखोंच्या संख्येने खपले, अनेक भाषांत गेले, १९९३ मध्ये बीबीसीने त्यावर मालिका केली. आणि बहुधा या लोकप्रियतेमुळेच गंभीर साहित्यसमीक्षेने त्याकडे पाठ फिरविली. ही उपेक्षा समजण्याजोगी असली तरी तिच्यामुळे एक नुकसान झाले. मेलच्या मागोमाग जो वाङ्मयप्रकार रूढ झाला, त्याच्या घडणीची आणि गृहीतांची तपासणी फारशी झाली नाही. त्याच ग्रामीण फ्रान्सविषयी वेगळ्या जाणिवेने लिहिणाऱ्या जॉन बर्जर, रोझ ट्रेमेन, अॅडम थॉर्प यांच्या कृती या प्रकाराच्या शेजारी ठेवून वाचण्याची शक्यताही त्यामुळे दुरावली.

हे सर्व लेखन एका घराभोवती फिरते. घर घेणारा बाहेरून आलेला असतो. घर मात्र त्याच जागी दीडदोनशे वर्षे उभे असते आणि त्याला एका कुटुंबाची स्मृती चिकटलेली असते. खरेदीखताने भिंती मिळतात, छप्पर मिळते, विहीर आणि क्वचित द्राक्षबागही मिळते. ती स्मृती मात्र खरेदीखतात लिहून देता येत नाही. नव्या मालकाने आपल्याबरोबर आणलेली कौटुंबिक स्मृती दुसऱ्याच भाषेतली, दुसऱ्याच हवामानातली असते. या दोन स्मृतींचे संहितेत काय होते, हा प्रश्न विचारला म्हणजे वरवर सारखी दिसणारी ही पुस्तके एकमेकांपासून किती दूर आहेत हे ध्यानात येते.

घरे रिकामी का झाली, हे आधी पाहावयास हवे. कारण प्रस्तुत लेखनातील बराच मोठा भाग त्याविषयी मौन पाळतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत फ्रान्सचे औद्योगिकीकरण इतक्या वेगाने झाले की आंरी मांद्रास या समाजशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये आपल्या ग्रंथाला शेतकऱ्यांचा अंत अशा अर्थाचेच नाव दिले. माणसे शहरांकडे गेली, डोंगराळ आणि आडबाजूच्या भागांतून तर अधिकच गेली. यात वारसाकायद्याने भर घातली. १८०४ च्या नागरी संहितेपासून फ्रान्समध्ये अपत्यांचा वाटा कायद्यानेच राखून ठेवलेला आहे : एक अपत्य असेल तर निम्मी मालमत्ता, दोन असतील तर दोनतृतीयांश, तीन किंवा अधिक असतील तर तीनचतुर्थांश. बापाला मर्जीप्रमाणे सर्व काही एकाच्या नावे करता येत नाही. परिणामी पॅरिसला, लिऑंला, कोणी समुद्रापलीकडे गेलेल्या भावंडांच्या सामाईक मालकीत घर वर्षानुवर्षे पडून राहते; एकाची सही मिळते तर दुसऱ्याची मिळत नाही. अशी घरे गावकऱ्यांना नकोशी झालेली होती. १९८० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील घरांच्या किमती वाढल्या आणि तेथले मध्यमवर्गीय कुटुंब आपले लहानसे घर विकून दोर्दोन्य किंवा लोत या विभागांत कोठारासह शेतघर घेऊ शकू लागले. हेन्री बुलर आणि कीथ हॉगार्ट यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या स्थलांतराची मांडणी केली आहे. त्यातून स्पष्ट होते ते असे की, फ्रेंच ग्राहकाला जे घर जुनाट, पडके आणि गैरसोयीचे वाटत होते तेच ब्रिटिश ग्राहकाला अस्सल वाटत होते. ‘अस्सल’ या मूल्याची निर्मिती अशा रीतीने एका भूभागाच्या ओसाड होण्यातून झालेली आहे. मेलच्या परंपरेतील लेखक हे मूल्य वापरतात. ते कोठून आले हे विचारीत नाहीत.

मेलच्या पुस्तकाची रचना बारा महिन्यांची. जानेवारीत नववर्षाच्या जेवणाने आरंभ, डिसेंबरात नाताळने शेवट. ऋतुचक्राचा हा आराखडा युरोपीय ग्रामीण काव्याला जुनाच आहे, परंतु मेलच्या हाती आल्यावर त्याचे कार्य पालटते. शेतकऱ्याच्या वर्षात एक महिना दुसऱ्याला बांधलेला असतो : छाटणी चुकली की सुगीला त्याचे फळ भोगावे लागते. मेलच्या वर्षात महिने एकमेकांवर अवलंबून नाहीत. प्रत्येक महिना हा एक नवा पदार्थ, नवा पाहुणा, नवा गवंडी घेऊन येतो. पुस्तकाला ओढून नेणारे एकमेव कथासूत्र म्हणजे घराची दुरुस्ती, आणि काळाचे एकमेव मोजमाप म्हणजे ती दुरुस्ती लांबणे. गवंडी भिंत फोडून ठेवतात आणि नाहीसे होतात. मेनिकुची हा नळकाम करणारा प्रत्येक विषयावर सिद्धांत मांडतो, पण तापनयंत्रणा पूर्ण करीत नाही. शेवटी या सर्व कारागिरांना बायकांसह नाताळच्या मेजवानीचे निमंत्रण द्यावयाचे, म्हणजे आपल्या पत्नीदेखत अपुरे काम दिसू नये म्हणून तरी ते हात चालवतील, अशी शक्कल लढविली जाते. विनोद म्हणून हा प्रसंग उत्तम वठला आहे. मेलला कमी लेखणाऱ्यांनी त्याचे हे कसब, विशेषतः बोलणाऱ्याच्या लकबीतून माणूस उभा करण्याची हातोटी, मान्य करावयास हवी.

परंतु त्याच पुस्तकात दोन मौने आहेत. पहिले त्याच्या स्वतःच्या कुटुंबाविषयीचे. पत्नी सर्वत्र आहे, पण तिचे नाव कोठेही येत नाही. निवेदकाच्या मागे काही आयुष्य होते, आईबाप होते, मरणे आणि मोडलेली नाती होती, याची पुसटशीही खूण संहितेत राहिलेली नाही. प्रोव्हान्समध्ये येणारा माणूस जणू विमानतळावर आपला भूतकाळ सोडून येतो. दुसरे मौन अधिक सूचक आहे. घराच्या भोवतालची द्राक्षशेती फोस्तँ हा शेजारी करतो. व्यवस्था बटाईसारखी : रोपांचा भांडवली खर्च मालकाचा, श्रम कसणाऱ्याचे, उत्पन्नात दोन वाटे कसणाऱ्याला आणि एक मालकाला. म्हणजे घर विकत घेताच हा इंग्रज माणूस शतकानुशतके चालत आलेल्या एका कुळसंबंधाचा वरचा टोकही होतो. मेल ही माहिती देतो आणि पुढे जातो. फोस्तँ सौम्य, कष्टाळू, विनोदाला उपयोगी असा शेजारी म्हणून उरतो. या मळ्यात त्याच्या आधी कोण राबले, त्या घरातून कोण बाहेर पडले, हे त्याला विचारावे असे निवेदकाला वाटत नाही. स्मृतीवाचून अस्सलपणा ही या प्रकाराची मूलभूत विसंगती येथे सापडते. पुढे पुस्तक वाचून येणाऱ्या अनोळखी वाचकांची त्या घराच्या दारात रीघ लागली, मेलने काही वर्षांसाठी अमेरिका गाठली आणि परत आल्यावर लुर्मारँजवळ घर केले. २०१८ मध्ये तो वारला. त्याच्या मेनेर्बच्या घरावर साचलेली पहिली सार्वजनिक स्मृती ही एका पुस्तकाची होती, यातला उपरोध त्याच्या विनोदबुद्धीलाही रुचला असावा.

जॉन बर्जर हा मेलच्या आधी दीड दशक फ्रान्सच्या खेड्यात जाऊन राहिला. लंडनमध्ये १९२६ साली जन्मलेला हा चित्रकार, कलासमीक्षक आणि कादंबरीकार १९७२ मध्ये ‘जी.’ या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाल्यावर त्यातली निम्मी रक्कम ब्लॅक पँथर चळवळीला देऊन मोकळा झाला. उरलेल्या रकमेचा उपयोग स्थलांतरित मजुरांवरील पुस्तकासाठी झाला. छायाचित्रकार जाँ मोर याच्यासह केलेले ते पुस्तक, ‘अ सेव्हन्थ मॅन’, १९७५ मध्ये आले. युरोपच्या कारखान्यांत राबणारे हे मजूर मुळात शेतकरी आहेत आणि शेतकऱ्याविषयी आपल्याला काही ठाऊक नाही, या जाणिवेतून बर्जर ओत-साव्हुआ प्रांतात, आल्प्सच्या कुशीतील कँसी या वस्तीत जाऊन राहिला. तेथे त्याने ‘इन्टू देअर लेबर्स’ ही त्रिधारा लिहिली : ‘पिग अर्थ’ (१९७९), ‘वन्स इन युरोपा’ (१९८७) आणि ‘लायलॅक अँड फ्लॅग’ (१९९०).

‘पिग अर्थ’च्या आरंभीच्या विवेचनात बर्जर गावगप्पांचे जे महत्त्व सांगतो ते या संपूर्ण चर्चेच्या दृष्टीने कळीचे आहे. गाव आपले चित्र सतत काढीत असते आणि ते दगडावर किंवा रंगांत नसून बोलण्यात असते, अशी त्याची भूमिका. दिवसभरात जे घडले ते संध्याकाळपर्यंत कोणीतरी सांगते, आणि त्या सांगण्यातून प्रत्येकाचे चरित्र सर्वांच्या मालकीचे होते. कौटुंबिक स्मृती आणि गावाची स्मृती यांत भिंत नसते. अशा ठिकाणी बाहेरचा लेखक येतो तेव्हा त्याला गावाविषयी गुप्त असे काही शोधावयाचे नसते. जे सर्वांना माहीत आहे ते त्याला शिकावयाचे असते. तो कायम परका राहणार हे बर्जरला मान्य आहे. तो धर्म मानीत नाही, जमिनीवर पोट अवलंबून नाही, हवे तेव्हा निघून जाऊ शकतो. परंतु गवताच्या दिवसांत तो शेजाऱ्यांबरोबर गवत कापतो आणि त्याच्या मुलाचे लहानपण त्याच गावात जाते, तेव्हा काही प्रश्न गाव आणि तो यांच्यात सारखेच असतात. मराठीत १९७० नंतर ग्रामीण साहित्य कोणी लिहावे यावर जी चर्चा झाली, तीत जन्माने मिळणाऱ्या अनुभवाधिकाराला प्राधान्य होते. बर्जर हा अधिकार मुळीच सांगत नाही. तो साक्षीदाराचा अधिकार मागतो आणि साक्षीदाराने किती पाहिले याचा हिशेबही देतो.

या भूमिकेचे कथारूप पाहावयाचे असेल तर ‘पिग अर्थ’मधील ल्यूसी काब्रोलची दीर्घकथा पुरेशी आहे. १९०० साली जन्मलेली, वाढ खुंटलेली ही बाई, गावाने जिला कोकाद्रिय असे नाव ठेवले, भावांकडून घराबाहेर काढली जाते. खिंडीजवळच्या एका झोपडीत राहून ती रानातली फळे, अळंबी गोळा करते, सीमेपलीकडे नेऊन विकते, पैसा साठवते आणि त्या पैशासाठी मारली जाते. कथा येथे संपत नाही. तिचे तिसरे आयुष्य मरणानंतरचे आहे आणि त्यात गावातले सर्व मेलेले तिच्यासाठी घर बांधावयास येतात. कथेचा निवेदक जाँ हा तरुणपणी दक्षिण अमेरिकेला गेलेला आणि म्हातारपणी रिकाम्या हाताने परतलेला. म्हणजे गावची ही सर्वांत गावरान गोष्ट बर्जर एका परदेशी राहून आलेल्या माणसाच्या तोंडी घालतो. स्वतःचे परकेपण त्याने येथे एका गावकऱ्याला वाटून दिले आहे, आणि त्यामुळे ते ओझे न राहता दृष्टी होते. आणि पुन्हा घर. मेलच्या पुस्तकात जिवंत कारागीर मालकाचे घर पूर्ण करीत नाहीत. बर्जरच्या कथेत मेलेले शेजारी वारसाहक्क नाकारलेल्या बाईचे घर उभे करतात. दोन्हीकडे गवंडीकाम आहे, पण एकीकडे ते सेवा आहे आणि दुसरीकडे गावाने उशिरा फेडलेले ऋण.

भाषेच्या बाबतीतही हाच भेद दिसतो. मेलच्या संवादांत फ्रेंच शब्द मधूनमधून पेरलेले असतात. पदार्थांची नावे, उद्गार, शिव्या. हे शब्द अर्थासाठी नसून चवीसाठी असतात. बर्जरची माणसे सावोयार्द बोलीत आणि फ्रेंचमध्ये बोलतात असे आपण समजतो, पण पानावरील इंग्रजी अगदी साधे, स्थानिक रंगापासून जाणीवपूर्वक मोकळे केलेले आहे. इंग्लंडमधल्या कोणत्याही परगण्याचे वळण त्याने आपल्या शेतकऱ्यांना दिलेले नाही. त्यामुळे ते इंग्रजी भाषांतरासारखे, किंचित उभट वाटते, आणि काही समीक्षकांना ते कृत्रिमही वाटले आहे. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. ‘लायलॅक अँड फ्लॅग’मध्ये गाव सुटून शहर आल्यावर हीच भाषा कधीकधी भाकितासारखी जड होते आणि पात्रे तिच्याखाली दबतात. परंतु ‘पिग अर्थ’ आणि ‘वन्स इन युरोपा’मध्ये तिचे औचित्य नाकारता येत नाही. ‘वन्स इन युरोपा’ या नामकथेत ओदील ही बाई मुलाच्या उडत्या पंखाला बांधून घेऊन दरीवरून तरंगत असताना आपले आयुष्य आठवते : मँगॅनीजचा कारखाना, त्याच्या भोवती वेढली गेलेली बापाची शेती, त्या कारखान्याने हिरावून घेतलेला एक पुरुष आणि पाय गमावून परत दिलेला दुसरा. इतक्या उंचीवरून आठवताना कोणत्याही एका परगण्याच्या बोलीचा सूर तिला पेलला नसता.

तरीही बर्जरविषयी एक प्रश्न उरतो आणि त्याच्या चाहत्यांनी तो टाळला आहे. गावातल्या प्रत्येक घराची स्मृती नोंदविणाऱ्या या लेखकाने स्वतःच्या घराविषयी त्या वर्षांत फारच थोडे लिहिले. पत्नी बेव्हर्ली, मुलगा ईव्ह, सकाळचा चहा, बर्फात अडकलेले दिवस, इंग्रजी आणि फ्रेंच यांच्यात वाढणारे मूल : हा सारा अनुभव त्रिधारेत जवळजवळ नाही. शेतकऱ्यांना आपल्या कुटुंबाचे सजीव पार्श्वपट करावयाचे नाही, ही नैतिक सावधगिरी त्यामागे असावी. मेलसारख्यांनी जे केले त्याच्या अगदी उलट टोक. पण त्यामुळे मेल आणि बर्जर या दोघांच्याही लेखनात स्थलांतरित कुटुंब म्हणून काही शिल्लक राहत नाही, हे विचित्र साम्य निर्माण होते. एकाने ते सुखासाठी वगळले, दुसऱ्याने संकोचाने.

कादंबरीला ही पोकळी भरता येते. रोझ ट्रेमेनने ‘द स्विमिंग पूल सीझन’ (१९८५) मध्ये तिची पहिली चाचपणी केली. पोहण्याचे तलाव बांधण्याचा धंदा बुडाल्यावर लॅरी आणि मिरियम हे जोडपे दोर्दोन्यमधील पोमेराक या कल्पित खेड्यात येते. ऑक्सफर्डमध्ये मिरियमची आई मरणपंथाला लागते, मिरियम परत जाते, आणि एकटा पडलेला लॅरी पेरिग्योच्या साँ-फ्राँ चर्चवरून स्फूर्ती घेऊन एक भव्य तलाव बांधण्याचे मनावर घेतो. फ्रान्सला जाणे म्हणजे इंग्लंडमधील आईच्या मरणापासून अंतर घेणे, हे कौटुंबिक सत्य येथे विनोदाच्या अंगाने येते. मेलच्या पुस्तकाच्या चार वर्षे आधी ही कादंबरी आली होती, हे लक्षात ठेवलेले बरे.

पंचवीस वर्षांनी आलेली ‘ट्रेसपास’ (२०१०) मात्र फार पुढची आहे. स्थळ सेव्हेनचा डोंगराळ प्रदेश. भावाबहिणींच्या दोन जोड्या समोरासमोर. अँथनी व्हेरी हा लंडनचा उतारवयातला पुराणवस्तूंचा व्यापारी. त्याची बहीण व्हेरोनिका आपल्या मैत्रिणीसह, किटीसह, सेव्हेनमध्ये राहते आणि पावसावाचून बागा कशा फुलवाव्यात यावर पुस्तक लिहीत असते. दुसरीकडे आरामों ल्यूनेल हा दारूत बुडालेला शेतकरी वडिलोपार्जित दगडी घरात एकटा राहतो. त्याची बहीण ओद्रून हिच्या वाट्याला त्याच जमिनीच्या कडेचा एक तुकडा आणि त्यावरचे हलके, कुरूप, नव्या धाटणीचे घर. आरामोंला वाडा परदेशी गिऱ्हाइकाला विकावयाचा आहे. अँथनीला तो हवा आहे.

पुस्तकाचे नाव हद्दभंग सुचविणारे. सर्वेक्षणाच्या रेषेवरून भावाबहिणीत वाद आहेच, परंतु ओद्रूनच्या देहाचा हद्दभंग तिच्या बापाने आणि भावाने याच घरात वर्षानुवर्षे केलेला आहे. विकावयाला काढलेल्या घराची जी स्मृती मेलच्या प्रकारात कधीच विचारली जात नाही, ती ट्रेमेनने कथेच्या मध्यभागी ठेवली. तडा गेलेली भिंत गिलावा करून झाकली जाते, घर पाहावयास आलेला इंग्रज दृश्यावर आणि दगडांवर भाळतो. अस्सलपणा म्हणून तो ज्या गोष्टीची किंमत ठरवीत आहे तिच्या आत काय घडले हे त्याला कळत नाही आणि कळण्याची त्याला गरजही नाही. अँथनीचे चरित्र येथे अर्थपूर्ण ठरते. वस्तूवर चढलेली काळाची झाक विकणे हाच त्याचा धंदा. आपल्या निवडक वस्तूंवर त्याचे माणसांवर करावे तसे प्रेम आहे. दुसऱ्याच्या घरातील स्मृती मालकाच्या नावावाचून विकत घेण्याची त्याला आयुष्यभर सवय आहे. आणि त्याची स्वतःची स्मृती? तो आईच्या लाडात अडकलेला म्हातारा मुलगा आहे. सुखाचा त्याचा साराच साठा लहानपणच्या एखाद्या चहाच्या प्रसंगात बंद झालेला आहे.

दोन्ही कुटुंबे बालपणाने मोडलेली, पण एका बालपणाला खरेदीची ऐपत आहे आणि दुसऱ्याकडे फक्त विकाऊ भिंती. ट्रेमेनने हे वर्गीय अंतर कोठेही बोलून दाखविलेले नाही. खुनाच्या कथानकामुळे उत्तरार्ध काहीसा आखीव होतो आणि आरामोंच्या पश्चात्तापाला जितकी जागा मिळते तितकी त्याने कमावलेली नाही, असा आक्षेप घेता येईल. तरीही ओद्रूनचे पात्र या साऱ्या गद्यातील एक श्रेष्ठ निर्मिती आहे. फ्रेंच शेतकरी स्त्री ही येथे परदेशी माणसाच्या नजरेचा विषय न राहता ती त्यालाच न्याहाळते, त्याची पावले मोजते, त्याच्या सवयी टिपते.

याच सेव्हेनमध्ये १८७८ साली आर. एल. स्टीव्हन्सन मोदेस्तीन नावाच्या गाढवीला घेऊन बारा दिवस फिरला होता. बारा दिवस, मग मेलचे बारा महिने, आणि मग अॅडम थॉर्पच्या ‘नोट्स फ्रॉम द सेव्हेन’ (२०१८) या पुस्तकाच्या उपशीर्षकातले अर्धे आयुष्य. मुक्कामाची ही वाढती लांबी लेखनाची जात बदलते. थॉर्प १९५६ मध्ये पॅरिसला जन्मला आणि भारत, कॅमेरून व इंग्लंड येथे वाढला; मूळ गाव असा काही पदार्थ त्याच्याकडे नव्हताच. त्यामुळे हरवलेले खेडे शोधण्याचा आव त्याच्या लेखनात नाही. सेव्हेन हा प्रॉटेस्टंट बंडाचा प्रदेश, १७०२ च्या कामिझार उठावाचा आणि दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्ध लढलेल्या भूमिगतांचा. तेथील घराघरांतून या आठवणी आजोबांच्या गोष्टींसारख्या बोलल्या जातात. अशा ठिकाणी मुले वाढवलेला लेखक शेजाऱ्याची स्मृती ऐकतो आणि आपली मुले ती शाळेतून, मित्रांच्या घरांतून आपलीशी करून आणतात हेही पाहतो. स्थलांतरिताच्या घरात परक्या गावाची स्मृती मागच्या दाराने, मुलांच्या बोलण्यातून शिरते. हे सूत्र थॉर्पने विस्ताराने हाताळावयास हवे होते. त्याचा ओढा दगड, अवशेष आणि इतिहास यांकडे अधिक आहे.

मिकाएला बेन्सन या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने लोत विभागातील ब्रिटिशांमध्ये केलेल्या क्षेत्रकार्यावर २०११ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यातील एक निरीक्षण वाङ्मयाच्या अभ्यासकालाही उपयोगी आहे : प्रत्येक कुटुंब आपण इतर ब्रिटिशांसारखे नाही, आपण गावाशी खरोखर एकरूप होऊ पाहतो, असे सांगते, दोर्दोन्यमध्ये मात्र सगळे इंग्रज, असे म्हणते. खऱ्या ग्रामीण जीवनाचा शोध त्यामुळे कधी पूर्णच होत नाही. या सांगण्याचा घाट आणि मेलच्या पुस्तकाचा घाट एकच आहे. पुस्तकाने लोकांना हा घाट शिकविला की लोकांच्या बोलण्यातून तो पुस्तकात गेला, याचा निर्णय करणे आता कठीण.

२३ जून २०१६ च्या सार्वमतानंतर या घाटाला तडा गेला. फ्रान्समध्ये सुमारे दीड लाख ब्रिटिश राहत होते आणि गावोगावच्या पंचायतींसारख्या नगरसभांत सातशेहून अधिक ब्रिटिश सदस्य निवडून आलेले होते. युरोपीय संघाचे नागरिक म्हणून मिळालेला हा अधिकार ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडताच संपला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये झालेल्या निवडणुकीला त्यांना उभे राहता आले नाही. ज्यांनी गावचे रस्ते, शाळेची बस, उत्सवाची वर्गणी यांवर वर्षानुवर्षे मते मांडली ते पुन्हा पाहुणे झाले. राहण्याचा हक्क टिकविण्यासाठी अर्ज करावे लागले, वास्तव्याचे पुरावे जोडावे लागले. वीजबिल, करपावती, घराचा करार. जो दैनंदिन तपशील मेलच्या परंपरेत गंमत म्हणून येत असे, तो आता कायद्यापुढे साक्ष म्हणून उभा राहिला. या अनुभवाची कादंबरी अजून लिहावयाची आहे. ती लिहिणारे बहुधा इंग्रजीत लिहिणार नाहीत. फ्रेंच शाळांत शिकलेल्या त्या मुलांची लेखनभाषा कोणती असेल हे त्यांच्या घरातील भांडणांवर ठरेल.

बर्जरने मात्र शेवटी मौन सोडले. २०१३ मध्ये बेव्हर्ली वारली आणि त्यानंतरच्या वर्षी त्याने व चित्रकार झालेल्या ईव्हने मिळून तिच्यासाठी एक लहानसे विलापिकेचे पुस्तक केले, ‘फ्लाइंग स्कर्ट्स’. बापाने आणि मुलाने मृत स्त्रीला उद्देशून केलेले हे लेखन आणि रेखाटने. चार दशकांच्या वास्तव्यात गावच्या मेलेल्यांना बोलते करणाऱ्या लेखकाने आपल्या घरातल्या मेलेल्या माणसाशी बोलावयास येथे पुस्तकाची जागा वापरली. बीथोव्हेनचा एक पियानो-रोंदो ऐकताना, तो चालू असेपर्यंत, त्याला ती परत आल्याचे जाणवते, अशी त्यात एक नोंद आहे. ल्यूसी काब्रोलसाठी मेलेल्या शेजाऱ्यांनी बांधलेल्या घराची येथे आठवण येते. पण येथे शेजारी नाहीत, गाव नाही, घराची भिंतसुद्धा वर्णिलेली नाही. आहेत ती एका बाईची माणसे. बर्जर स्वतः २०१७ च्या जानेवारीत पॅरिसच्या एका उपनगरात वारला. कँसीत घालवलेल्या वर्षांचे त्याचे गावाविषयीचे लेखन आणि हे पुस्तक अजून एकत्र वाचले गेलेले नाही.